चाकालाका: भाज्या साध्या, खरा हिशेब पाण्याचा

चाकालाका बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्याने. तिखट कमी पडलं तर वाढवता येतं, मीठ थोडं पुढे गेलं तर बीन्सवर निभावतं. पण ताटात वाढल्यावर त्याच्याभोवती नारिंगी पाण्याचं तळं साचलं आणि ते शेजारच्या बूरवोर्सखाली, म्हणजे वेटोळ्याच्या लांब सॉसेजखाली, शिरलं, की निखाऱ्यावर जमून आलेली सॉसेजची खरपूस साल दोन मिनिटांत ओली पडते. त्यापुढे मसाला कितीही चांगला असो, जेवणारा चमच्याने भाजी बाजूला सारतो. म्हणून या कृतीत प्रत्येक टप्प्याला आम्ही एकच प्रश्न विचारतो: आत्ता कढईत किती पाणी आहे आणि ते कधी जाणार आहे?

दक्षिण आफ्रिकेबाहेर ज्यांचा याच्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चाकालाका म्हणजे कांदा, ढोबळी मिरची, गाजर, टोमॅटो आणि डब्यातले बेक्ड बीन्स यांचं करी पावडर घातलेलं तिखट, दाट तोंडीलावणं. जोहान्सबर्गच्या टाउनशिपांमधून, म्हणजे शहराबाहेरच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधून, आणि तिथल्या सोन्याच्या खाणींवरच्या मजुरांच्या जेवणातून ते वर आलं असं सांगतात. त्या भागात सोनं सापडलं 1886 मध्ये. करी पावडर मात्र समुद्रमार्गे आलेल्या माणसांची देणगी. नाताळ प्रांतातल्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध भारतीय मजूर 1860 पासून उतरू लागले आणि त्यांचा मसाला पुढे सगळ्या देशाच्या फडताळात जाऊन बसला. ब्राय म्हणजे लाकडाच्या किंवा कोळशाच्या निखाऱ्यावर मांस भाजण्याचा बेत. 24 सप्टेंबरच्या हेरिटेज डेला तर घरोघरी हाच कार्यक्रम असतो. भाजलेलं मांस, मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि चाकालाका हे ठरलेलं त्रिकूट. त्या उकडीला ‘पाप’ म्हणतात. मराठीत ते वाढायला जरा अवघड जातं, पण नाव तेच आहे.

दहा माणसांच्या ताटाला पुरेल असं आमचं माप असं: साफ करून चिरलेला कांदा 300 ग्रॅम, बिया काढलेली ढोबळी मिरची 330 ग्रॅम (हिरवी, लाल, पिवळी मिळून मोठ्या तीन), सोललेलं गाजर 400 ग्रॅम, टोमॅटो 400 ग्रॅम, बेक्ड बीन्सचा 410 ग्रॅमचा एक डबा. तेल 60 मिली, आलं 20 ग्रॅम, लसणाच्या पाच पाकळ्या, हिरव्या तिखट मिरच्या तीन-चार. करी पावडर दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे 13 ग्रॅम. पाप्रिका एक छोटा चमचा, वाळलेलं थाइम अर्धा छोटा चमचा, एक तमालपत्र. मीठ 12 ग्रॅम. पांढरं व्हिनेगर एक मोठा चमचा, तेही शेवटी आणि चाखून. बीन्सच्या डब्यात मीठ आणि साखर दोन्ही आधीच असतात, म्हणून मीठ यापुढे नेऊ नये. साखर आम्ही वरून घालतच नाही. क्वचित टोमॅटो फारच आंबट निघाला तर चिमूटभर.

हे सगळं मिळून कच्चा माल जवळजवळ दोन किलो भरतो. तयार चाकालाका 1.6 किलोच्या आसपास उतरला पाहिजे. मधलं 400 ग्रॅम म्हणजे उडालेलं पाणी. रिकामी कढई आधी तोलून तिचं वजन कुठेतरी लिहून ठेवावं. शेवटी कढईसकट तोललं की झाला आहे की नाही याचा वाद उरत नाही. नवख्याला हे हास्यास्पद वाटतं, पण अंदाज बसेपर्यंत काटा हाच गुरू. टोमॅटोत 94-95 टक्के पाणी असतं, ढोबळीत 92 च्या वर, गाजर आणि कांद्यातही 88-89 टक्के. म्हणजे वरून एक थेंब न घालताही कढईत सव्वा लिटरहून जास्त पाणी जातं. ‘भाजी लागू नये म्हणून’ अर्धा पेला पाणी घालणाऱ्याने हा आकडा एकदा आठवावा.

चिरण्याबद्दल. कांदा बारीक नको, मध्यम हवा, साधारण सात-आठ मिलिमीटरचा. ढोबळी कांद्यापेक्षा किंचित मोठी, सेंटिमीटरभर, कारण ती शिजताना आकसते. आतली पांढरी शीर काढून टाकावी, ती शिजल्यावर कडवट आणि चिवट लागते. गाजर किसायचं, पण किसणीच्या मोठ्या भोकांवर, आणि एकाच दिशेने लांब हात मारून, म्हणजे किसाचे दोरे लांब येतात. बारीक किसणीवर किसलेलं गाजर दहा मिनिटांत लगदा होतं आणि मग सगळा चाकालाका गाजराच्या हलव्यासारखा दिसू लागतो. फूड प्रोसेसरच्या पात्याने गाजराचा भुगा होतो. त्यापेक्षा चकतीची किसणी लावलेली बरी. किसलेलं गाजर पिळून रस काढावा का? काढू नये. गाजराचा गोडवा त्याच रसात असतो आणि करी पावडरच्या कडवट बाजूला तोच सांभाळतो.

आता भांडं. रुंद हवं, खोल नको. 28-30 सेंटिमीटर रुंदीची जाड बुडाची स्टीलची कढई किंवा इनॅमलचं पातेलं उत्तम. वाफ पृष्ठभागावरून जाते. भाजीचा थर जितका जाड, तितकं खालचं पाणी अडकून राहतं आणि भाजी परतली न जाता उकडली जाते. ब्रायच्या आगीवर तीन पायांची बिडाची पोइकी ठेवून त्यातच हेही करून टाकण्याचा मोह होतो. मांसाच्या रश्श्याला ती उत्तम, पण टोमॅटो आणि व्हिनेगर बिडावर अर्धा-पाऊण तास राहिले की भांड्याला बसलेला तेलाचा थर सुटतो आणि पदार्थाला लोखंडी चव येते. शिवाय तिचं पोट खोल आणि तोंड लहान. पाण्याच्या हिशेबात ती बसत नाही.

तेल मध्यम आचेवर तापवून तमालपत्र आणि कांदा घालावा, कांद्यावर मिठातलं फक्त एक चतुर्थांश. कांदा पारदर्शक व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. तो लाल करायचा नाही. लाल कांद्याचा गोडसर, भाजका वास या पदार्थाला जड करतो. पण कच्चाही ठेवायचा नाही, आणि त्याचं कारण पुढे आहे: टोमॅटो पडल्यानंतर कांदा मऊ होणं जवळजवळ थांबतं. आम्लात भाजीच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही. कांदा अर्धा कच्चा असताना टोमॅटो घातला तर तासाभरानेही तो दाताखाली करकरतो. हीच गोष्ट गाजराच्या बाबतीत मात्र आपल्या फायद्याची आहे, तिथे ती मुद्दाम वापरायची.

मग आलं, लसूण, मिरची. तिन्ही बारीक चिरून किंवा खलबत्त्यात भरड कुटून. मिरची इथेच तेलात पडली पाहिजे. तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे येतो ते पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतं. तेलात गेलं की सगळ्या भाजीभर सारखं पसरतं. शेवटी घातलेली कच्ची मिरची एका घासाला काहीच देत नाही आणि पुढच्या घासाला ठसका लावते. तिखट नेमकं किती, हे मांसावर ठरवावं. कोकराच्या चॉप्सना आणि बूरवोर्सला चार मिरच्या सहज पेलतात. साध्या मीठ-लिंबाच्या कोंबडीला दोन पुरे, नाहीतर कोंबडीची चवच हरवते.

मिनिटभराने लसणाचा कच्चा वास गेला की आच मंद करावी आणि करी पावडर, पाप्रिका, थाइम घालावं. सगळ्या कृतीतला हा सर्वांत नाजूक मिनिट. अक्षरशः 45 ते 60 सेकंद. आधी पिवळी पूड तेल पिते आणि कढई कोरडी दिसते. मग वीसेक सेकंदांत रंग पिवळ्याचा गडद नारिंगी होतो, कडेला तेलाचे बारीक बुडबुडे दिसू लागतात आणि हळदीचा मातकट वास जाऊन धण्या-जिऱ्याचा वास पुढे येतो. तो वास आला की पुढची भाजी हातात तयार हवी, चिरायला वळायला वेळ नसतो. आणखी अर्धा मिनिट गेला की पावडरीतली मेथी करपते, आणि करपलेल्या मेथीचा कडूपणा साखरेने, टोमॅटोने, कशानेही जात नाही. तसं झालंच तर दुःख न करता कढई धुवावी आणि कांद्यापासून पुन्हा सुरुवात करावी. फक्त दोन कांदे आणि थोडं तेल वाया जातं. पुढे रेटलं तर दोन किलो माल वाया जातो. पूड बुडाला चिकटायला लागली पण वास अजून आला नसेल, तर दोन मोठे चमचे पाणी शिंपडावं. एकूण कृतीत पाणी घालण्याची परवानगी आहे ती एवढीच.

उलट चूक जास्त वेळा होते: करी पावडर टोमॅटोनंतर, थेट रसात घालणं. ती करपत नाही हे खरं, पण शिजतही नाही. जिभेवर पिठूळ राहते, आणि दुसऱ्या दिवशी तो कच्चट वास आणखी ठळक होतो.

मसाला फुलला की ढोबळी मिरची घालून आच मोठी करायची. पाच मिनिटं, झाकण न ठेवता, सतत नाही पण वरचेवर हलवत. ढोबळीला पाणी सुटतं आणि लगेच उडतं. कढईतून चर्र असा आवाज येत राहिला पाहिजे. आवाज बसला आणि रटरट सुरू झाली, तर आच कमी आहे किंवा भांडं लहान आहे. उरलेलं मीठ अजून घालायचं नाही, मिठाने ढोबळी एकदम पाणी सोडते आणि रबरासारखी होते. त्यानंतर गाजर, तीनच मिनिटं. किसाला सगळीकडून मसाल्याचं तेल लागलं की पुरे. काहीजण या टप्प्यावर मूठ-दोन मुठी चिरलेली कोबी घालतात. चालते, पण तेवढं गाजर कमी करावं, आणि कोबी उरलेल्या चाकालाकाला दुसऱ्या दिवशी वास आणते हे धरून चालावं.

आता टोमॅटो. ताजा असेल तर पूर्ण पिकलेला, साल काढून चिरलेला. अर्धवट पिकलेल्या टोमॅटोचा चाकालाका फिका आणि आंबट होतो. डब्यातला चिरलेला टोमॅटो दर वेळी सारखा निघतो म्हणून आम्ही बहुधा तोच घेतो. उरलेलं मीठ आत्ता. मध्यम आच, झाकण नाही, 12 ते 15 मिनिटं. इथे ते पेक्टिन कामाला येतं: टोमॅटोच्या आम्लात गाजराचे दोरे आपला आकार धरून ठेवतात, मऊ होतात पण विरघळत नाहीत. गाजर टोमॅटोच्या आधी दहा मिनिटं शिजवलं असतं तर ही सोय गेली असती.

झालं की नाही ते दोन प्रकारे बघता येतं. उलथन्याने कढईच्या मधोमध बुडापर्यंत एक रेघ ओढावी. रस लगेच धावत येऊन रेघ बुजवत असेल तर अजून वेळ आहे. तीन आकडे मोजेपर्यंत बूड दिसत राहिलं तर बीन्स घालायला हरकत नाही. दुसरी परीक्षा स्टीलच्या थाळीची. चमचाभर भाजी थाळीत ठेवून थाळी किंचित कलती करावी आणि मिनिटभर थांबावं. खालच्या बाजूला तेलाची नारिंगी कड दिसली तर छान. पाण्याची पातळ धार निघाली तर परत कढईत. दुसरी परीक्षा जास्त खरी, कारण गरम कढईत सगळंच दाट दिसतं.

बीन्स शेवटी, डब्यातल्या सॉससकट. त्या सॉसमध्ये स्टार्च असतो, तो उरलेला रस बांधून घेतो. म्हणूनच बीन्सच्या आधी पाणी आटवायचं असतं: स्टार्च पडल्यावर भाजी दाट दिसायला लागते आणि पाणी गेलंय असा भास होतो. थंड झाल्यावर आणि चार वेळा ढवळल्यावर तो बांध सुटतो आणि पाणी वेगळं होतं. ताटातलं ते तळं बहुतेक इथूनच येतं. शिवाय बीन्स घालून आटवत बसलं तर सॉस बुडाला धरतो आणि ढवळून ढवळून बीन्सचं पिठलं होतं. मंद आचेवर पाच मिनिटं, खालून वर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवायचं, बस्स.

डब्याच्या बीन्समधला गोडवा नको असेल तर सुके पांढरे बीन्स घ्यावेत. दीडशे ग्रॅम सुके बीन्स रात्रभर भिजवून वेगळे, साध्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवावे. अर्धे शिजलेले बीन्स टोमॅटोत घालून ‘पुढे शिजतील’ म्हणणं फसवं आहे, आम्लात ते शिजत नाहीत. या प्रकारात सॉस नसल्याने रस बांधला जात नाही, तर अर्धी वाटी बीन्स चेचून घालावेत. लाल राजमा वापरायचा असेल तर भिजवलेलं पाणी टाकून नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळी द्यायची आणि मग मऊ शिजवायचा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन पोट बिघडवतं आणि मंद आचेवर ते जात नाही.

गॅस बंद करून दहा मिनिटांनी चव घ्यावी. उकळत्या पदार्थाची चव घेऊन व्हिनेगर ठरवणारा हमखास चुकतो. आंबटपणाचा निर्णय मांसाच्या चरबीवर अवलंबून असतो. दक्षिण आफ्रिकेच्या नियमानुसार बूरवोर्समध्ये किमान 90 टक्के मांस लागतं आणि चरबी 30 टक्क्यांपर्यंत चालते. त्या चरबीला कापायला आंबट हवंच. पण बूरवोर्सच्या मसाल्यात स्वतःचं व्हिनेगर आणि भरपूर धणे असतात, म्हणून एक मोठा चमचा व्हिनेगर पुरतं आणि वरून कोथिंबीर किंवा धणेपूड घालायचं कारण नाही. कोकराच्या चॉप्सबरोबर दीड चमचाही खपतो. तिखट फार झालं असेल तर पाणी घालू नये, त्याने काहीच होत नाही. अर्धा डबा बीन्स आणखी घालावा, गोडवा आणि स्टार्च दोन्ही तिखटाला आवरतात. मीठ जास्त झालं तरी तोच उपाय, पण मग बिनमिठाचे शिजवलेले बीन्स घ्यावेत.

चाकालाका गरमही वाढतात आणि गारही. आमचं मत गारच्या बाजूने, निदान ब्रायला तरी. सकाळी करावा, गार करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि मांस आगीवरून उतरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढावा. तीन-चार तासांत मसाला गाजरात मुरतो आणि करी पावडरचा टोकदारपणा खाली बसतो. दुसरा फायदा माणसाच्या हातांचा. लाकडाचे निखारे पडायला पाऊण-एक तास लागतो, आणि बूरवोर्सच्या वेटोळ्यावर नजर ठेवायची त्याच वेळी आत गॅसवर करी पावडर फुलवायची म्हणजे दोन्हीपैकी एक नक्की करपणार. पाप मात्र गरमच हवं. गरम पाप, गार चाकालाका आणि आगीवरून नुकतंच उतरलेलं मांस, या तीन तापमानांतच अर्धी मजा आहे.

माप दुप्पट करताना एकाच कढईत दुप्पट माल घालू नये. तळाचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं आणि उडवायचं पाणी 400 ऐवजी 800 ग्रॅम होतं. वेळ दुपटीहून जास्त लागतो आणि तोवर ढोबळीची साल सुटून रसात तरंगू लागते. दोन कढया लावाव्यात. नाइलाजच असेल तर ढोबळी वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर दोन हप्त्यांत परतून घ्यावी आणि बीन्सच्या वेळी मिसळावी. मसाला दुप्पट करावा, पण मिरच्या दीडपटच, आणि मग चाखून वाढवाव्यात.

टिकवण्याबाबत स्पष्ट बोललेलं बरं. पसरट भांड्यात लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला तर चाकालाका चार दिवस उत्तम राहतो. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने ठेवता येतो, पण ढोबळी लिबलिबीत होते आणि वितळल्यावर पाणी सुटतं. ते परत कढईत आटवावं लागतं. लोणच्यासारखा बरणीत भरून फडताळात ठेवायचा पदार्थ हा नव्हे. व्हिनेगर आणि टोमॅटो असले तरी गाजर, ढोबळी आणि बीन्स कमी आम्लाच्या भाज्या आहेत. मिश्रणाचा पीएच 4.6 च्या वर राहिला, म्हणजे आंबटपणा कमी पडला, आणि बरणी हवाबंद झाली, तर बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जीवाणूला हवी तशीच जागा मिळते, आणि त्याचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. दुकानातल्या डब्यांवर दाबाखाली 100 अंशांहून जास्त उष्णता दिलेली असते. घरच्या बरणीला ती मिळालेली नसते, झाकण कितीही घट्ट बसवलं तरी.

उरलेला संपवायची चांगली जागा म्हणजे ब्रायब्रोइकी, जाळीवर भाजायचं चीजचं सँडविच. एरवी त्यात चीजबरोबर टोमॅटो आणि कांद्याच्या चकत्या घालतात. त्यांच्याऐवजी पावाला बाहेरून लोणी लावून आत चीज आणि दोन चमचे चाकालाका पसरावा, बंद होणाऱ्या जाळीत अडकवून मंद निखाऱ्यावर दोन्ही बाजू भाजाव्यात. चीज खालच्या आणि वरच्या दोन्ही पावांना लावायचं, भाजी मध्ये. वितळलेलं चीज पाव आणि भाजी यांच्यात थर धरतं. थाळीच्या परीक्षेत पास झालेला चाकालाका असेल तर पाव शेवटपर्यंत कुरकुरीत राहतो. नसेल तर जाळी उघडतानाच खालचा पाव चिकटून फाटतो.